सनद दाखवा : बिनसाऱ्याच्या वचनाची दीडशे वर्षे

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवड करून ४५ खंड काढले, आणि तेव्हापासून मराठ्यांच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक या दप्तराला वळसा घालून पुढे गेलेला नाही. पण या रुमालांची पहिली मोठी जुळवाजुळव इतिहासप्रेमापोटी झालेली नव्हती. कोणाच्या जमिनीला सारा खरोखर माफ आहे आणि कोण नुसताच माफ म्हणवतो आहे, हे ताडून पाहण्यासाठी इंग्रज सरकारला पेशव्यांचे हिशेब हवे होते. ही कचेरी कित्येक वर्षे 'एलिएनेशन ऑफिस', म्हणजे माफी जमिनींची कचेरी, याच नावाने चालली. आपल्या इतिहासाचे सर्वांत मोठे भांडार असे महसूल खात्याच्या संशयातून उभे राहिले.

संशयाआधी वचन होते. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी, साताऱ्याचा किल्ला हाती येताच, इंग्रजांच्या वतीने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे राज्य गेले, पण कोणाची मालमत्ता जाणार नाही; वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने आणि धर्मादाय यांना संरक्षण मिळेल; मक्त्याने वसुली देण्याची पद्धत बंद होईल, असे त्याने जाहीर केले. मराठी मुलखाला पुढे शंभर-सव्वाशे वर्षे आठवत राहिले ते हे आश्वासन. त्याच जाहीरनाम्यातला दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. वतनदारांनी दोन महिन्यांच्या आत बाजीरावाचे निशाण सोडून आपापल्या गावी परतावे, न परतणाऱ्यांच्या जमिनी जप्त होतील, असेही त्यात होते. त्या दिवशी बाजीराव अजून रानोमाळ फिरत होता, त्याचे सेनापती बापू गोखले जिवंत होते, आष्टीची लढाई व्हायला नऊ दिवस बाकी होते. हे वचन म्हणजे लढाईतलेच एक हत्यार होते. तोफेपेक्षा ते स्वस्त पडले आणि तिच्याहून अधिक लोकांना घरी घेऊन गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये इंग्रज सेनानी माल्कमने बाजीरावाशी जे ठरवले, त्यात आठ लाखांच्या नेमणुकीबरोबर, त्याच्यापायी बुडालेल्या जुन्या घराण्यांचा उदारपणे विचार होईल असेही एक कलम होते. १८१९ मध्ये पटवर्धन सरदारांशी तह झाले. साताऱ्याच्या छत्रपतींशीही सप्टेंबर १८१९ मध्ये तह झाला. औंधचे प्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा असे सहा जहागीरदार छत्रपतींकडे, पण इंग्रजांच्या हमीवर राहिले. म्हणजे दीड वर्षातच वचनांची एक उतरंड तयार झाली. वर तहाने बांधलेले संस्थानिक, त्यांच्याखाली सरंजामदार, मग जात (म्हणजे वैयक्तिक) इनामदार, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, आणि सर्वांत खाली महार-रामोशी वतनदार. जाहीरनाम्यातली भाषा सगळ्यांना एकच होती. ती कोणासाठी किती टिकली, हे त्या त्या माणसाच्या हातात काय होते यावर ठरले.

पहिली पंचवीस वर्षे बऱ्यापैकी शांततेत गेली. एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता आणि आपण दिलेल्या शब्दाची त्याला जाण होती. १८२७ च्या कायद्याने दख्खनच्या सरदारांना दिवाणी दाव्यांत खास मान मिळाला. त्यांचे दावे ऐकायला पुण्यात स्वतंत्र एजंट बसे. सरंजामांच्या याद्या झाल्या. मोगलांनी किंवा सातारकर छत्रपतींनी दिलेले सरंजाम जास्त पक्के, पेशव्यांनी दिलेले कमी पक्के, असा भेद त्यांत आला. पेशव्यांना हरवून आलेल्या सरकारने पेशव्यांची देणगी हलकी मानावी यात राजकारण उघड आहे. तरीही त्या याद्यांनी बहुतेकांच्या ताटातले लगेच काढून घेतले नाही.

मग हिशेब सुरू झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापुरापासून जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी हाती घेतली. शेत न् शेत मोजले जाऊ लागल्यावर कोणत्या गावात किती जमीन सरकारला काहीच देत नाही, हे प्रथमच आकड्यांत दिसू लागले. १८४३ मध्ये धारवाडकडे, दक्षिण मराठा मुलखात, इनामांची चौकशी सुरू झाली. गोल्डस्मिडबरोबर तिथे हार्ट हा अधिकारी होता. चौकशीवाल्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. राज्य बुडण्याच्या धामधुमीत खोट्या सनदा तयार झाल्या होत्या, कुलकर्ण्यांच्या दप्तरात जमिनी या रकान्यातून त्या रकान्यात सरकल्या होत्या, आणि कमाविसदार-मामलेदारांनी अधिकार नसताना दिलेल्या देणग्याही इनाम म्हणून चालू होत्या. त्या साऱ्याचा बोजा शेवटी सारा भरणाऱ्या खालसा रयतेवर पडतो, हा युक्तिवादही खोडून काढण्याजोगा नाही.

खोट होती ती पद्धतीत. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला दख्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलखात पूर्ण अधिकार दिला. इनामदाराने सनद दाखवायची. ती देणाऱ्याला तसा अधिकार होता का, हे कमिशन पाहणार. सनद नसेल तर इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वी साठ वर्षे माफी अखंड चालली आणि अंमलाच्या वेळी मूळ इनामदाराचा नातू कब्जात होता, असे दाखवायचे. तेव्हा कुठे वंशपरंपरेचा हक्क. चाळीस वर्षे आणि मुलगा असेल तर हक्क त्याहून तोकडा. १८१८ च्या आधी साठ वर्षे म्हणजे १७५८, पानिपताच्याही आधीचा काळ. त्यानंतर किती वाडे जळाले, किती गावे पेंढाऱ्यांनी लुटली, किती बाडे वाळवीने खाल्ली, याचा हिशेब नियमांत नव्हता. शिवाय पुरावा जुळवायचा तो ज्या पेशवे दप्तराशी, ते सरकारच्याच कुलपात. आणि निकाल पटला नाही तर? अपील गव्हर्नरच्या कौन्सिलकडे. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कायद्यानेच बंद केला होता.

या सगळ्या प्रश्नाची किल्ली मला इथे दिसते. सरकारने वचन मोडले, असा आरोप शंभराहून अधिक वर्षे होत राहिला. पण सरकारने वचन मोडतो असे एकदाही म्हटले नाही. वचन कायम आहे, ते तुमच्यासाठी होते हे सिद्ध करा, आणि सिद्ध झाले की नाही ते आम्ही ठरवू, एवढेच ते म्हणत राहिले. देणेकरी स्वतःच न्यायाधीश होऊन बसला की वचन मोडावे लागतच नाही.

कमिशनने किती इनामे घेतली, याबद्दल १८५७ वरच्या इंग्रजी इतिहासांतून एक आकडा आपल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपर्यंत आला आहे : ३५ हजारांची चौकशी, २० हजार जप्त. तो जपून वापरावा. लहानमोठी सगळी इनामे त्यात एकत्र मोजलेली आहेत. अख्खे गाव खाणारा सरदार आणि जोशीपणाची चार बिघे कसणारा भट दोघेही तिथे एकेकच. दहशत मात्र आकड्याहून मोठी होती. नोटीस आलेल्या प्रत्येकाच्या घरी पेट्या उपसल्या गेल्या, मोडी वाचणारे कारकून महाग झाले, आणि निकाल लागेपर्यंत त्या जमिनीवर सावकार कर्ज देईना.

या कमिशनात एतद्देशीय अधिकारीही होते. त्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव गोपाळ हरी देशमुखांचे. 'शतपत्रे' लिहून झालेला हा लोकहितवादी १८५६ मध्ये असिस्टंट इनाम कमिशनर झाला. त्याचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस. ऐतखाऊपणावर आसूड ओढणाऱ्या लेखकाला ही नोकरी तत्त्वतः खटकली नसावी, असे मला वाटते. पेशवाईच्या आठवणीत जगणाऱ्या पुण्याला मात्र ती नक्कीच खटकली असणार.

याच काळात वरच्या पायरीवरची वचनेही ढासळत होती. १८४४ मध्ये कोल्हापूर मुलखात सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठले. पिढीजात शिबंदीच्या जमिनींची व्यवस्था गडाकडून मामलेदारांच्या हाती जाते आहे, ही त्यांची धास्ती होती. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झाला, १८१९ चा वारसा-वंशजांसाठीचा तह जागेवर असताना. त्या गादीसाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे अर्ज करत बसलेले रंगो बापूजी हे स्वतः रोहिडखोऱ्यातले वतनदार देशपांडे होते. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर नेमणूकही थांबली. दत्तक आणि इनाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, कायद्याच्या पुस्तकात तर नक्कीच. वाड्यात बसलेल्या माणसाला ते वेगळे वाटत नव्हते. आज शेजाऱ्याचा दत्तक नाकारला, उद्या माझी सनद नाकारतील, असा सरळ हिशेब होता.

नरगुंदात दोन्ही धागे एकत्र आले. तिथले भास्करराव भावे, बाबासाहेब, हे संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह बाळगणारे संस्थानिक. त्यांना दत्तकाची परवानगी मिळाली नाही. पुढे हत्यारे जमा करण्याचे हुकूम आले. मे १८५८ मध्ये सुरीबान गावी त्यांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारले. हा मॅन्सन आधी इनाम कमिशनात होता, आणि त्या मुलखात त्याची ओळख तीच होती. १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. धारवाडकडच्या ज्या मुलखातून चौकशी सुरू झाली होती, त्याच मुलखात हे घडले.

सरकारला टीकाकार घरातूनही मिळाले. मुंबईच्या इंग्रजी पत्रसृष्टीतला वजनदार संपादक रॉबर्ट नाइट याने १८५९ मध्ये लंडनला इनाम कमिशनचे वाभाडे काढणारी पुस्तिका छापली. त्याआधी १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा आला होता. वाडवडिलांकडून आलेल्या जमिनींबद्दल लोकांना वाटणारी ओढ आम्ही जाणतो, त्यासंबंधीचे हक्क राखू, असे त्यात म्हटले होते. पण राज्याच्या वाजवी मागण्यांना अधीन राहून. चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याच्या जाहीरनाम्यात चालीरीतींच्या बाबतीत 'न्याय्य आणि वाजवी असेल तितपत' अशी पुस्ती होती, मालमत्तेच्या बाबतीत नव्हती. आता ती जमिनीलाही लागली. वाजवी काय ते कोण ठरवणार, हे सांगायची गरज कोणालाच वाटली नाही.

ती वाजवी मागणी १८६३ मध्ये आकड्यात आली. मुंबई सरकारचे त्या वर्षीचे दोन कायदे, दख्खनसाठी दुसरा आणि कोकण-गुजरातसाठी सातवा, यांनी इनामदारापुढे एक सौदा ठेवला. दख्खनात, ज्याचा हक्क अजून शाबीत झालेला नाही त्याने पूर्ण आकाराची चौथाई जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, म्हणून भरावी आणि नजराण्याच्या बदल्यात रुपयामागे एक आणा द्यावा. मग चौकशी नाही, सनद दाखवणे नाही, वारस औरस की दत्तक हा प्रश्न नाही. जमीन कायमची, वारसाहक्काने चालणारी, विकता येणारी. सौदा नको असेल तर चौकशीला उभे राहा. बहुतेकांनी मुकाट्याने सौदा घेतला. फुकट म्हणून मिळालेले वचन रुपयात पाच आणे भरून पुन्हा विकत घ्यावे लागले, आणि तरीही ते घेणाऱ्यांना सुटल्यासारखे वाटले. अकरा वर्षांची धास्ती सरकारने रोखीत वटवून घेतली, असे म्हटले तर फार कडक होणार नाही. मद्रास इलाख्यातही याच सुमारास अशाच थोड्या आकारणीवर इनामे पक्की करून दिली गेली.

चाकरीची वतने आणि राजकीय सरंजाम या सौद्याबाहेर राहिले. सरंजाम प्रत्येक वारसाला सरकारने नव्याने द्यायचा, आणि मर्जी फिरली तर परत घ्यायचा, हे तत्त्व न्यायालयांनीही मान्य केले. देशमुख-देशपांड्यांकडून चाकरीच्या बदल्यात जुडी घेऊन त्यांना मोकळे करण्यात आले. १८७४ चा वतन कायदा आला. १८७१ चा पेन्शन कायदा आणि १८७६ चा महसूल अधिकारक्षेत्राचा कायदा यांनी इनाम-वतनांचे सरकारविरुद्धचे बहुतेक दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. १८५२ मध्ये जे एका कमिशनपुरते होते ते आता कायमचे झाले. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पंचमहालच्या एका प्रकरणात उरलासुरला प्रश्नही मिटवला : जिंकून वा तहाने आलेल्या मुलखातल्या रहिवाशाला जुन्या राज्यातले हक्क नव्या राज्याविरुद्ध बजावता येत नाहीत, नव्या सरकारने जे मानले तेवढेच त्याचे, मग तहात काहीही लिहिलेले असो.

न्यायालयांचे दरवाजे असे बंद होत असतानाच पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष औंधचे प्रतिनिधी होते, आणि तिची सुरुवात पर्वती या देवस्थानच्या कारभाराच्या वादातून झाली. सनदशीर राजकारण महाराष्ट्रात रुजले त्यात माफीच्या जमिनी सांभाळणाऱ्या वर्गाची ही शिकवणी नक्कीच होती. तलवार गेली, कोर्ट बंद, मग उरला अर्ज.

आता जी बाजू इनामदारांच्या कैफियतीत कधीच येत नाही ती पाहू. सारा माफ होता तो इनामदाराला. कसणाऱ्याला नव्हता. दुमाला, म्हणजे इनाम दिलेल्या, गावातला कुणबी भरायचे ते भरतच होता, फक्त सरकारऐवजी वाड्यावर. खालसा गावात तीस वर्षांसाठी ठरलेला आकार तरी असे. दुमाला गावात इनामदाराने मागणी केल्याशिवाय सरकारी मोजणी-आकारणी लागूच होत नसे, आणि पुष्कळांनी ती मागितली नाही. राज्यकर्त्याने शब्द पाळला की मोडला यावर ज्या काळात रणे माजली, त्या काळात या कुळाला कोणी शब्दच दिलेला नव्हता.

उतरंडीच्या तळाशी तर वचनाचा अर्थच उलटा झाला. देशमुखाची चाकरी सुटली आणि जमीन राहिली. महाराची चाकरी राहिली आणि जमिनीचे तुकडे होत गेले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्याचे विधेयक आणले, त्यामागे हेच होते. १९३९ मध्ये सरकारने महार वतनांवर जादा जुडी बसवली, तेव्हा डिसेंबरात हरेगावला वतनदार परिषद भरली आणि आंबेडकरांनी तिथे ही आकारणी अन्यायाची ठरवली. सरदाराच्या सनदेला जो काही मान उरला होता, तो या जमिनीला कधी मिळालाच नव्हता.

बाहेरच्या प्रांतांत हाच वाद वेगळ्या वेषात होता. १७९३ मध्ये बंगालच्या जमीनदारांना सारा कायमचा ठरवून दिला. पुढे त्यांच्यावर प्रत्येक नवा कर आला की ते त्या वर्षाकडे बोट दाखवत. आसामातल्या गौरीपूरच्या राजाने शेतीबाहेरच्या उत्पन्नावरील आयकराविरुद्ध तसेच केले. १९३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याचे ऐकले नाही. सारा न वाढवण्याचे वचन म्हणजे कुठलाच कर न घेण्याचे वचन नव्हे, असा निकालाचा मथितार्थ.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने यांतले बहुतेक चार-सहा वर्षांत आवरले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, सरंजाम १९५२ च्या नियमांनी परत घेतले गेले, जात इनामे त्याच वर्षीच्या कायद्याने संपली. इनामदार साधा कब्जेदार झाला आणि पूर्ण सारा भरू लागला. पुण्याचे सरदार गंगाधरराव मुजुमदार, संगीताचे जाणकार आणि इतिहास संशोधनाचे आधारस्तंभ, सर्वोच्च न्यायालयात गेले. १८६३ च्या सनदेने जे कायमचे म्हणून दिले ते कसे काढता, हा मूळ सवाल होता. १९६० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. जुडी आणि पूर्ण आकार यांतला फरक खिशात घालण्याचा अधिकार हा इनामदारीचा हक्क होता, तो संपवणे ही जमीनसुधारणा आहे आणि घटनेचे संरक्षण तिला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. न्यायालयाने निदान ऐकून घेतले, हा १८५२ पासूनचा फरक. उतरंडीच्या माथ्यावरच्या संस्थानिकांच्या तनख्यांना घटनेतच करमाफीसह हमी होती. तिथेही तहांवरच्या वादांपासून न्यायालयांना दूर ठेवणारे कलम त्याच घटनेत लिहिलेले होते, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने हमीच निघाली.

या कायद्यांतून पश्चिम महाराष्ट्रात एक प्रकार सुटला : देवस्थान इनाम. सात-बाऱ्यावर आजही 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशी नोंद दिसते. मालक देव, वहिवाटदार पुजारी किंवा ट्रस्ट, आणि कसणारा तिसराच. जमीन विकता येत नाही. आणि कूळकायद्याची मालकी देणारी कलमे, ट्रस्टकडे सुटीचा दाखला असेल, तर तिला लागत नाहीत. एल्फिन्स्टनच्या यादीतले एवढे एकच कलम जवळजवळ अक्षरशः चालू आहे, आणि तीन-चार पिढ्या तीच जमीन कसणारी कुळे आज तहसील कचेरीत मालकी मागत उभी आहेत.